कर्मचारी की कंत्राटदार? अमेरिकी निकालपत्रांचं एक वाचन

या मालेत आम्ही बहुतेक वेळा पुस्तकांवर बोलतो. आज पुस्तक नाही, निकालपत्रं आहेत. निकालपत्रालाही कथानक असतं, पात्रं असतात, आणि लिहिणाऱ्यानं कुठे निरखून पाहिलं, कुठे पाठ फिरवली, हे त्यात दिसतं. आपण ती वाचकाच्या नजरेनं वाचू.

अमेरिकेत जानेवारी संपता संपता वर्षभराच्या कमाईचा कागद हातात पडतो. तो ‘डब्ल्यू-२’ असेल तर तुम्ही कर्मचारी. ‘१०९९’ असेल तर स्वतंत्र कंत्राटदार. तिकडे असलेल्या आपल्या आयटीवाल्या मंडळींना हे आकडे तोंडपाठ असतात. कर्मचारी असाल तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरच्या करातले ७.६५ टक्के तुमच्या पगारातून जातात आणि तेवढेच मालक भरतो. कंत्राटदार असाल तर दोन्ही वाटे तुमचेच, म्हणजे १५.३ टक्के. पण कर ही त्यातली सगळ्यात हलकी गोष्ट. किमान वेतन, आठवड्याला चाळीस तासांच्या वर गेलं की दीडपट ओव्हरटाइम, कामावर हात मोडला तर भरपाई, काम सुटलं तर बेकारी भत्ता, युनियन करायचा हक्क, हे सगळं ‘कर्मचारी’ या एका शब्दाला टांगलेलं आहे. शब्द निसटला की सगळंच खाली पडतं.

एवढं ज्याच्यावर टांगलंय त्या शब्दाची व्याख्या कायद्यात नीट असेल असं वाटतं ना? तर पेन्शनच्या कायद्यात कर्मचारी म्हणजे ‘मालकानं कामावर ठेवलेली व्यक्ती’. झालं. १९९२ साली डार्डन नावाच्या विमा एजंटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सूटर यांनी स्वच्छ लिहिलं की ही व्याख्या स्वतःभोवतीच फिरते, तिच्यातून काहीच कळत नाही. आणि मग पुढे काय केलं? जुन्या इंग्रजी परंपरेतून आलेली ‘नियंत्रणा’ची कसोटी लावायला सांगितली. काम कसं करायचं हे सांगण्याचा अधिकार कुणाकडे, असं ती कसोटी विचारते.

ही कसोटी आली कुठून, ते बघण्यासारखं आहे. १८४० सालचा एक इंग्रजी खटला आहे, क्वॉरमन विरुद्ध बर्नेट. दोन वयस्कर बायका. बग्गी त्यांची स्वतःची, पण घोडे आणि गाडीवान भाड्याचे. गाडीवानाला अंगरखा आणि टोपी मात्र या बायकांनी दिलेली. एकदा फेरी संपल्यावर तो टोपी परत ठेवायला घरात गेला, घोडे मोकळेच उभे होते, ते उधळले आणि तिसऱ्याच माणसाला इजा झाली. भरपाई कुणी द्यायची? न्यायालय म्हणालं, बायकांनी नाही. गाडीवान नोकर आहे तो घोडे भाड्यानं देणारीचा.

इथे जरा थांबू या. प्रश्न काय होता? रस्त्यावरच्या परक्या माणसाला झालेल्या नुकसानीचा भार कुणाच्या खिशावर टाकायचा. त्यासाठी ‘गाडीवानावर ताबा कुणाचा’ हे विचारणं अगदी रास्त आहे, कारण ज्याचा ताबा तोच अपघात टाळू शकला असता. गाडीवानाला पोटापुरतं मिळतं का, तो म्हातारा झाला तर काय, हा प्रश्न त्या न्यायालयापुढे नव्हताच. पुढे अमेरिकेनं तेच माप उचललं आणि पगार, पेन्शन, युनियन या भलत्याच गोष्टी त्यानं मोजायला घेतल्या. आमची तक्रार आहे ती इथे. माणूस किती स्वतंत्र आहे हे न्यायालयं भिंग लावून तपासत बसली, आणि समोरचा कायदा मुळात कशासाठी केला होता हे विचारायचं राहून गेलं.

सगळ्याच न्यायालयांनी असं केलं असं मात्र नाही. १९४४ चा हर्स्टचा निकाल घ्या. लॉस एंजेलिसमध्ये नाक्यानाक्यावर वर्तमानपत्रं विकणारे ‘न्यूजबॉय’. नाव बॉय, पण त्यातले पुष्कळसे चांगले प्रौढ, त्याच धंद्यावर घर चालवणारे. अंकाची विक्रीची किंमत वृत्तपत्र ठरवणार, विकत घ्यायची किंमतही तेच ठरवणार, म्हणजे मधला नफा त्यांनीच ठरवलेला. उभं राहायची जागा, अंक ठेवायचे रॅक, जाहिरातीचे ॲप्रन, सगळं वृत्तपत्राकडूनच. वृत्तपत्रांचं म्हणणं काय, तर हे स्वतंत्र व्यापारी आहेत! न्यायमूर्ती रटलेज यांनी सरळ विचारलं की युनियनचा कायदा कोणत्या दुखण्यावर केला आहे, आणि या माणसांना तेच दुखणं आहे का? आहे, तर ते कर्मचारी. जुनी कसोटी काय म्हणते ते बाजूला ठेवा.

आम्हाला हे निकालपत्र या सगळ्या परंपरेतलं सगळ्यात प्रामाणिक लिखाण वाटतं. त्याचं आयुष्य मात्र तीन वर्षांचं. १९४७ मध्ये टाफ्ट-हार्टली कायदा आला आणि काँग्रेसनं युनियनच्या कायद्यात लिहून टाकलं की स्वतंत्र कंत्राटदार कर्मचारी नाही. म्हणजे व्याख्या केली नाहीच, फक्त दार लावून घेतलं.

त्याच १९४७ साली सिल्कचा निकाल आला. कॅन्सस राज्यातल्या टोपेका गावात आल्बर्ट सिल्कची कोळशाची वखार. रेल्वेच्या वाघिणीतून कोळसा उतरवणारे मजूर यायचे, टनावर पैसे घ्यायचे, जायचे. यायचं बंधन नाही, वेळेचं बंधन नाही, फावडं स्वतःचं. दुसरे होते ते स्वतःच्या ट्रकनं गिऱ्हाइकाकडे कोळसा पोचवणारे. न्यायमूर्ती रीड यांनी पाच गोष्टी तपासल्या: ताबा किती, नफा-तोट्याची संधी किती, भांडवल किती, संबंध किती टिकाऊ, कौशल्य किती. आणि ठरवलं की फावडेवाले कर्मचारी, ट्रकवाले कंत्राटदार. फावड्यावाल्यांबद्दलचं त्यांचं म्हणणं सुंदर आहे: या माणसांकडे हाताच्या मेहनतीपलीकडे कमवायला किंवा गमवायला काहीच नाही. खरंय. पण ट्रकवाला? त्याच्याकडे गमवायला ट्रक होता, म्हणून त्याला म्हातारपणच्या पेन्शनची गरज कमी? सोशल सिक्युरिटी म्हातारपणासाठी आहे, आणि म्हातारपण ट्रकवाल्यालाही येतं. तीन न्यायमूर्ती, ब्लॅक, डग्लस आणि मर्फी, यांना ट्रकवालेही कर्मचारीच वाटले होते. पुढच्याच वर्षी काँग्रेसनं ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून ठराव केला आणि सोशल सिक्युरिटीसाठीही जुनी कसोटी परत आणली.

एक गोष्ट जाता जाता सांगण्यासारखी आहे. टोपेकाची ही वखार आपल्याकडेही येऊन गेली. १९७३ साली सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न होता दुकानात बसून नगावर कपडे शिवणाऱ्या शिंप्यांचा. न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी सिल्कच्या निकालाचा आधार घेतला आणि शिंपी कर्मचारीच ठरले. गाडीवान, कोळसा, शिलाई मशीन, सगळे एकाच रांगेत.

आता काकडीकडे येऊ. हा आमचा आवडता भाग आहे, कारण प्रयोगशाळेत लावावा तसा हा प्रयोग आपोआप लागला. लोणच्याची काकडी हातानं तोडावी लागते. लहान काकडीला भाव जास्त, मोठी झाली की उतरतो, म्हणून वेळेवर तोडायची, आणि वेलीला धक्का न लावता. हंगामापुरती बाहेरून मजूर कुटुंबं येतात. शेतकरी त्यांना शेताचा तुकडा नेमून देतो, विक्रीचे पैसे निम्मे-निम्मे. अशा तीन शेतांवरचे तीन खटले उभे राहिले.

१९८४, मिशिगन, ब्रँडलचा खटला. सहाव्या सर्किटचं न्यायालय म्हणालं, ही माणसं कंत्राटदार. कोणती काकडी कधी तोडायची, वेल कशी जपायची, हे कौशल्य आहे, संबंध हंगामापुरता, आणि जास्त मेहनत केली तर जास्त मिळतं. १९८७, विस्कॉन्सिन, लॉरित्झनचा खटला. तळ्यापलीकडचं राज्य, तीच काकडी, तोच निम्मा वाटा. सातव्या सर्किटचं न्यायालय म्हणालं, कर्मचारी. कौशल्य म्हणता? कुठलंही काम करता करता माणूस शिकतोच. भांडवल म्हणता? मजूर स्वतःचं आणतो ते फक्त हातमोजे. आणि १९८९, कॅलिफोर्निया, बोरेलोचा खटला, पुन्हा काकडी, प्रश्न इजेच्या भरपाईचा. छापील करारावर मजुरांना ‘वाटेकरी शेतकरी’ म्हटलं होतं. राज्याचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कर्मचारी.

म्हणजे मजुरांचं कुटुंब मिशिगनमधून विस्कॉन्सिनमध्ये गेलं की त्यांचा दर्जा बदलला. हात तेच, काकडी तीच. आता निकष लिहिलेली पानं वाचा. दोन्हीकडे तेच सहा निकष आहेत, एकेक परिच्छेद प्रत्येकाला. वाचताना असं वाटतं की निकाल आधी ठरला आणि परिच्छेद नंतर भरले. प्रत्येक निकषाला दोन तोंडं आहेत. हंगामी काम? ‘संबंध टिकाऊ नाही, म्हणून कंत्राटदार’ असंही म्हणता येतं, आणि ‘हंगामभर तो दुसरीकडे जाऊच शकत नाही, म्हणून कर्मचारी’ असंही.

हे आम्हीच पहिल्यांदा म्हणतोय असं समजू नका. लॉरित्झनच्याच निकालात न्यायाधीश ईस्टरब्रुक यांनी वेगळं सहमतीचं मत लिहिलं. हे रेगन यांनी नेमलेले, शिकागोच्या बाजारवादी परंपरेतले. मजूर चळवळीचे कुणी लागत नाहीत. त्यांनी लिहिलं की वजनं न ठरवता तराजू हातात दिला तर प्रत्येक जण वेगळं माप करणार. निकषांची ही यादी बाजूला ठेवा आणि कायद्याचा हेतू विचारा. परक्या माणसाच्या नुकसानीचा नियम आणि किमान वेतनाचा कायदा, यांचा एकमेकांशी काय संबंध? १९३८ च्या वेतन कायद्यात ‘कामावर ठेवणे’ याचा अर्थ ‘काम करू देणे’ एवढा रुंद लिहिला आहे, आणि तो लोकांनी केलेले करार राखायला नाही, मोडायलाच केला आहे. ज्यांच्याकडे विकायला फक्त अंगमेहनत आहे, ती माणसं त्यात येतात.

रटलेज डावीकडचे, ईस्टरब्रुक उजवीकडचे, मध्ये त्रेचाळीस वर्षं. दोघं एकाच ठिकाणी येऊन पोचतात. दोन टोकांची माणसं एकच दोष दाखवतात तेव्हा तो दोष राजकारणाचा नसतो, मापाचाच असतो. आणि तरीही यादी चालूच राहिली. का, ते कळण्यासारखं आहे. यादी असली की न्यायाधीशाला जबाबदारी घ्यावी लागत नाही. ‘मी ठरवलं’ असं म्हणण्यापेक्षा ‘निकषांवरून ठरलं’ म्हणणं सोपं.

नियंत्रणाच्या कसोटीनं कधीच न्याय दिला नाही असंही नाही. मायक्रोसॉफ्टचं प्रकरण आठवा. वर्षानुवर्षं त्याच टेबलांवर काम करणारे ‘फ्रीलान्सर’, गळ्यात नारिंगी बिल्ला, शेजारच्याच्या गळ्यात निळा. करखात्यानं तपासलं, ते कर्मचारी निघाले, आणि अखेर २००० साली कंपनीनं ९ कोटी ७० लाख डॉलर देऊन वाद मिटवला. फेडेक्स ग्राउंडचे ड्रायव्हर तर स्वतः ट्रक विकत घेत, पेट्रोल-डिझेल स्वतः भरत, पण ट्रकचा पांढरा रंग, आतल्या फळ्यांचं माप, गणवेश, दाढी, अगदी मोजेसुद्धा कंपनी ठरवणार. २०१४ साली नवव्या सर्किटनं म्हटलं, हे कर्मचारी. न्यायाधीश ट्रॉट यांनी लिंकनच्या नावावर सांगितला जाणारा किस्सा त्यात टाकला: शेपटीला पाय म्हटलं तर कुत्र्याचे पाय किती? चारच. म्हटल्यानं शेपटीचा पाय होत नाही. पुढच्या वर्षी २२ कोटी ८० लाख डॉलरवर तडजोड झाली. गंमत म्हणजे त्याआधी, २००९ मध्ये, वॉशिंग्टनच्या सर्किट न्यायालयानं फेडेक्सच्या ड्रायव्हरांना युनियनच्या कायद्याखाली कंत्राटदार ठरवलं होतं, कारण मार्ग विकता येतो, म्हणजे उद्योजकतेला वाव आहे.

शेपटीचा किस्सा फार गाजला, वाचायलाही मजा येते. पण आम्हाला त्या निकालाची एक भीती वाटते. न्यायालय मोजे शोधत असेल तर पुढचा मालक मोजे ठरवणार नाही. त्याला गरजच काय? ॲप असतं. गणवेश नाही, वेळ नाही, मुकादम नाही. भाडं किती मिळणार ते ॲप ठरवतं, ते कुणाला दाखवायचं तेही, आणि गिऱ्हाइकाचे तारे घसरले की खातं बंद. आज्ञा दिली जात नाही, आकडे हलवले जातात. जुन्या भिंगाखाली हा माणूस राजासारखा स्वतंत्र दिसतो: हवं तेव्हा ॲप लावा, हवं तेव्हा बंद करा. टोपेकाचा फावडेवालाही हवं तेव्हा यायचा, हे मात्र कुणाला आठवत नाही. २०१५ साली लिफ्टच्या खटल्यात सॅन फ्रान्सिस्कोचे न्यायाधीश विन्स छाब्रिया यांनी वैतागून लिहिलं की ज्युरीच्या हातात चौकोनी खुंटी देऊन दोन गोल भोकांतलं एक निवडायला सांगायचं, असा हा प्रकार आहे.

कॅलिफोर्नियानं मग भिंगच बदललं. ३० एप्रिल २०१८, डायनामेक्सचा निकाल, मुख्य न्यायमूर्ती कांतिल-साकाउये. आता प्रत्येक जण कर्मचारीच धरायचा, आणि तो नाही हे कंपनीनं सिद्ध करायचं. तीन गोष्टी दाखवायच्या: तो ताब्याबाहेर आहे, त्याचं काम कंपनीच्या नेहमीच्या धंद्याबाहेरचं आहे, आणि त्याचा स्वतःचा वेगळा धंदा खरोखर चालू आहे. एक जरी चुकली तरी कर्मचारी. निकालातलं उदाहरण साधं आहे. दुकानातला नळ गळतो म्हणून बोलावलेला प्लंबर दुकानाचा कर्मचारी नाही. पण कपड्याच्या कंपनीसाठी घरी बसून शिवणारी बाई आहे.

निकालपत्र म्हणून हे फार सरस आहे. पुराव्याचं ओझं उचलून दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवलं, एवढ्यानं अर्धी लढाई पालटते. पण विधिमंडळानं त्याचा कायदा केला, २०१९ चा ‘एबी ५’, तो वाचताना मन खट्टू होतं. डॉक्टर, वकील, घरांचे एजंट अशा सवलतींची लांबलचक रांग. स्वतंत्र पत्रकाराला एका नियतकालिकासाठी वर्षाला ३५ मजकुरांची मर्यादा! पस्तीसच का, छत्तीस का नाही? वर्षभरात ती काढावी लागली. ज्याची ओळख होती तो सुटला, असं त्या यादीवरून दिसतं.

आणि ज्यांची ओळख पुरली नाही ते थेट मतदारांकडे गेले. नोव्हेंबर २०२० ची प्रॉपोझिशन २२. ॲप कंपन्यांनी २० कोटी डॉलरहून जास्त खर्च केले, ५८ टक्क्यांहून जास्त मतं मिळाली. मजकूर वाचा, कारण सगळी कलाकुसर तिथे आहे. ड्रायव्हरला किमान वेतनाच्या १२० टक्के हमी! ऐकायला किती छान. पण ती हमी ‘गुंतलेल्या वेळे’ची, म्हणजे भाडं स्वीकारल्यापासून उतारू उतरेपर्यंत. मधे गाडीत बसून वाट पाहिली तो वेळ कुणाचाच नाही. दुकानातल्या विक्रेत्याला गिऱ्हाईक समोर असेल तेवढ्याच मिनिटांचा पगार दिला तर? आणि पुढे बदल करायचा तर दोन्ही सभागृहांत सात-अष्टमांश मतं हवीत. जुलै २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं हा कायदा कायम केला. पण त्यांच्यापुढचा प्रश्न तेवढाच होता की इजा-भरपाईच्या विषयात मतदारांना असा कायदा करता येतो का. तो न्याय्य आहे का, हा नव्हता.

वॉशिंग्टनचं थोडक्यात सांगतो. २०२१ च्या जानेवारीत ट्रम्प सरकारचा नियम, २०२४ च्या मार्चपासून बायडेन सरकारचा, आणि २०२५ च्या मे महिन्यात श्रम खात्यानं तो वापरणार नाही असं जाहीर केलं. दर चार वर्षांनी तेच निकष वेगळ्या क्रमानं.

प्रश्नोत्तरांत दोन प्रश्न आलेत, ते घेऊन थांबतो. एका ताईंनी विचारलंय, मुलगा एच-वन-बीवर आहे, त्याला कुणी १०९९ वर जोडकाम देऊ केलं तर घ्यावं का? ताई, तो व्हिसा कंपनीनं केलेल्या अर्जावर उभा असतो. बाहेरचं काम हे बिनपरवाना काम ठरू शकतं. त्यानं आधी वकिलाला विचारावं, नंतर नाही.

दुसरा प्रश्न, मग उपाय काय? हक्क दर्जाला न टांगता कामाला टांगायचे, हा एक. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून फ्रीलान्सरशी ८०० डॉलर किंवा त्यावरच्या कामाचा लेखी करार करावा लागतो, आणि करारात तारीख ठरली नसेल तर काम झाल्यावर तीस दिवसांत पैसे. तिथेच २०१९ पासून ॲपच्या ड्रायव्हरांना किमान दर आहे, आणि तो काढताना रिकाम्या फिरण्याचा वेळही हिशेबात धरतात. तो कर्मचारी आहे का, हा वाद न सोडवताच. पण एक गाठ यानं सुटत नाही. कंत्राटदारांनी एकत्र येऊन दर ठरवले तर अमेरिकी कायद्यात ती व्यापाऱ्यांची साठगाठ ठरू शकते. सिॲटल शहरानं २०१५ मध्ये ड्रायव्हरांना एकत्र वाटाघाटीचा हक्क दिला, तेव्हा नेमका हाच आक्षेप आला, आणि २०१८ मध्ये नवव्या सर्किटनं शहराचा मुख्य बचाव फेटाळला. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये तसाच हक्क दिला आहे, राज्याच्या देखरेखीखाली. तो टिकतो का, याकडे आमचं लक्ष आहे.